सल्ला सदर : ‘चित्रं बघायची पण डिग्री असते का?’

या वेळचं पत्र जरा लांब होतं, नाव-गाव काढून आणि थोडं कापून देतेय :

“ताई, मी बारावी कॉमर्सला आहे, सोलापुरात पूर्व भागात राहते. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, आई घरी विड्या वळते. कॉलेजची ट्रिप विजापूरला गेली होती तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. गोल घुमटात सगळे ओरडून आवाज ऐकत होते आणि मी खाली उभी राहून वर बघत होते की एवढा मोठा गोल या चौकोनी खोलीवर बसवला कसा. मग मोबाईलवर शोधत गेले तर कळलं आर्ट हिस्ट्री म्हणून विषय असतो आणि बडोद्याला त्यात डिग्री करता येते. घरी सांगितलं तर पप्पा गप्प बसले. मामा म्हणाले, चित्रं बघायची पण डिग्री असते का, बीकॉम कर आणि सोबत टॅली. माझं ड्रॉइंग पण काही खास नाही, इंटरमिजिएटला सी ग्रेड आली होती. इंग्लिश वाचता येतं पण बोलायची भीती वाटते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे मराठी पण शाळेतलीच. मी हे करू का? नाही जमलं तर सोलापुरात राहून काही करता येईल का? आणि लॅपटॉप लागतो का, कारण तो आम्हाला परवडणार नाही. — गोंधळलेली, पूर्व भाग”

अगं गोंधळलेली, तुझं पत्र वाचून मला तर तू अजिबात गोंधळलेली वाटली नाहीस, गोंधळ घरच्यांचा आहे आणि तो साहजिक आहे, त्यावर येते मी. पण आधी गोल घुमटाचं बोलू, कारण आख्ख्या पत्रात मला आवडलेली ओळ ती आहे. तिथे गेलेली शंभरातली नव्वद माणसं वर गॅलरीत जाऊन ओरडतात आणि खाली येऊन उसाचा रस पितात, त्यात वाईट काही नाही, पण तू खाली उभी राहून ‘बसवला कसा’ म्हणून अडलीस आणि घरी येऊन पण ते डोक्यातून गेलं नाही. हाच अभ्यास असतो या विषयात, वेगळं काही नसतं.

उत्तर सापडलं का तुला? नसेल तर ऐक. खाली खोली चौकोनी आहे, आणि चारही भिंतींमधून ज्या मोठ्या कमानी निघतात त्या सरळ वर जात नाहीत, एकमेकींना छेदत जातात. डोक्यात असं चित्र आण की एक चौकोन आहे आणि त्याच्यावर दुसरा चौकोन तिरका फिरवून ठेवलाय, म्हणजे आठ टोकांची चांदणी झाली, आणि त्या चांदणीच्या मधोमध जी जागा उरते ती जवळजवळ गोल. त्या गोलावर घुमट बसलाय, आतून साधारण ३८ मीटर रुंद, मध्ये एकही खांब नाही. आणि कमानींचं ते जड बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं असल्यामुळे घुमट जो बाहेर ढकलायला बघतो त्याला ते धरून ठेवतं. महंमद आदिलशहाची कबर आहे ती, तो वारला १६५६ ला. आता पुढचा प्रश्न, आणि इथून खरी मजा आहे : ही युक्ती त्या गवंड्यांना अचानक सुचली का? तर नाही, विजापूरच्याच जामी मशिदीत जा, ती पहिल्या अली आदिलशहाने सुरू केली म्हणजे गोल घुमटाच्या कितीतरी आधीची, तिच्या घुमटाखाली हीच छेदणाऱ्या कमानींची पद्धत लहान प्रमाणात दिसते. म्हणजे मशिदीत हात बसला आणि मग मकबऱ्यात धाडस केलं. हे तुला कुठल्या पुस्तकाने सांगायची गरज नाही, दोन्ही ठिकाणी मान वर करून उभं राहिलीस तर तुझं तुलाच दिसेल. पण ते दिसलं पाहिजे, मग शब्दांत लिहिता आलं पाहिजे, आणि मग कोणी म्हणालं ‘कशावरून’ तर पुरावा देता आला पाहिजे. कोर्सची तीन-चार वर्षं याच तीन गोष्टींत जातात, बाकी पेपरांची नावं वेगवेगळी असतात एवढंच.

त्यामुळे इंटरमिजिएटच्या सी ग्रेडचं टेन्शन सोडून दे. आपल्याकडे आर्ट म्हटलं की लोकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच आठवतं, स्टिल लाईफ, वरून तो मेमरी ड्रॉइंगचा पेपर ज्यात सगळे बसस्टॉप नाहीतर भाजी मार्केट काढतात. ते शिक्षण चित्रकार घडवायचं. तुला जे करायचंय त्यात हात नाही डोळा लागतो. हां, काही कॉलेजांत पहिल्या वर्षी थोडं प्रॅक्टिकल पण करायला लावतात आणि ते बरोबरच आहे, रंग कसा वाळतो, दगडावर छिन्नी कशी चालते हे एकदा स्वतः करून बघितलं की दुसऱ्याच्या कामाबद्दल उगाच काहीतरी फेकायची सवय जाते. पण तिथे कोणी तुला चित्र छान आलं नाही म्हणून घरी पाठवत नाही. नातेवाईक आता तुला सांगतील की हुसेन पण आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूरचा जन्म १९१५ चा, बघ किती मोठे झाले. तू मान हलव आणि सोडून दे, ते चित्रकार होते, तुझी लाईन वेगळी.

आता कंटाळवाणी बाजू पण सांगते, कारण ती कोणी सांगत नाही आणि मग पोरं पहिल्या सेमिस्टरला रडतात. या विषयात वाचन भयंकर आहे. आणि ते बहुतेक इंग्लिशमध्ये आहे. वर्गात अंधार करून स्लाईड दाखवतात, दोन चित्रं शेजारी-शेजारी लावतात आणि विचारतात फरक सांगा, आणि तू म्हणालीस ‘हे जास्त सुंदर आहे’ तर सर म्हणणार बस खाली. सुंदर-बिंदर नाही, काय दिसतंय ते सांग, रेषा कशी आहे, उजेड कुठून येतोय, माणूस कुठे उभा केलाय आणि त्याच्या आजूबाजूला जागा किती सोडलीय. त्याच्यानंतर विषय काय आहे, ही देवी कोण, हातात काय आहे. आणि त्याच्यानंतर हे त्या काळात त्याच ठिकाणी का झालं, पैसा कोणी दिला. पानोफस्की नावाच्या जर्मन अभ्यासकाने या तीन पायऱ्या पद्धतशीर मांडल्या, पहिल्या वर्षीच हे नाव येईल, घाबरू नकोस, नाव अवघड आहे पद्धत सोपी आहे.

शिवाय पाश्चात्त्य कला पण असते, ग्रीक-रोमन-रेनेसां-पिकासो सगळं, त्यातलं एकही मूळ काम तुला कदाचित कधी बघायला मिळणार नाही आणि फोटोवरून शिकायला लागेल, हे मला स्वतःला नेहमी खटकत आलंय. म्हणून मी म्हणते जे जवळ आहे ते आधी बघून घ्या.

भारतीय कलेत अजिंठा येणारच. पण तिथे पण नुसतं ते पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र किती छान एवढ्यावर कोणी थांबत नाही. हे बघ, रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जेजे स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून थंडीत तिथे जायचे आणि परत सगळं उतरवायचे, आणि त्यातल्याही कितीतरी १८८५ ला लंडनमध्येच जळाल्या. ज्या उरल्या त्यांच्यावरून आज कळतं की गुहेतला कुठला भाग तेव्हा शाबूत होता आणि नंतर पडला. म्हणजे कोणा मुंबईच्या विद्यार्थ्याने केलेली कॉपी आज पुरावा म्हणून वापरतात. असल्या गोष्टी वाचून तुझं मन रमलं तर हा विषय तुझा, आणि जांभई आली तर बीकॉमला खरंच जा, मी मनापासून सांगतेय, टोमणा नाही.

जांभई येते की नाही ते कळायला फॉर्म भरायची वाट बघू नकोस. एक रविवार काढ आणि हत्तरसंग कुडलला जा. दक्षिण सोलापुरात, आपल्यापासून चाळीसेक किलोमीटर, भीमा-सीनेच्या संगमावर. सोलापूरकरांना विचार, अर्ध्यांनी बघितलेलं नसतं. एकटी जाऊ नकोस, मैत्रीण नाहीतर पप्पांना घेऊन जा. तिथे संगमेश्वराचं देऊळ आहे, त्याच्यात तुळईवर कोरलेला शिलालेख आहे शके ९४० चा म्हणजे इसवी सन १०१८, आपल्याकडच्या जुन्यात जुन्या मराठी लेखांपैकी एक, ‘जो वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची शेवटची ओळ आहे त्यात. शेजारी हरिहरेश्वराचं देऊळ, तिथला मोठा शिवलिंगाचा दगड बघ, त्याच्यावर रांगेने शेकडो छोटे चेहरे कोरलेत. फोटो काढायच्या आधी (हे महत्त्वाचं आहे, फोन बॅगेत ठेव) अर्धा तास नुसतं बघ. चेहरे सगळे सारखे आहेत का? एकाच हाताने कोरलेत असं वाटतं का? वरच्या ओळीतले आणि खालच्या ओळीतले कुठे बदलतात? मागची बाजू पण तेवढीच नीट केलीय का, की पुढची दिसणारी बाजू जास्त मन लावून केलीय? गोल दगडावर सरळ रांग पाडायची तर कारागिराने आधी खुणा कशा केल्या असतील? घरी येऊन यावर दोन पानं लिही, गुगल न करता, फक्त जे दिसलं ते. ‘प्राचीन वारसा’, ‘अप्रतिम शिल्पकला’ असले शब्द एकदाही वापरायचे नाहीत. दोन पानं भरली आणि अजून लिहायचं राहिलंय असं वाटलं तर मामांना खुशाल सांग की हो, असते डिग्री. अर्ध्या पानावर अडलीस तरी लगेच नाराज होऊ नकोस, दुसऱ्यांदा जा. दुसऱ्यांदा पण अर्धंच पान आलं तर मग विचार कर.

आता इंग्लिशची भीती आणि ‘मराठी पण शाळेतलीच’ हे जे तू खाली मान घालून लिहिलंयस ना, त्यावर मला जरा भांडायचंय तुझ्याशी. तुला चार भाषांच्या मध्ये वाढल्याचं काही वाटतच नाहीये. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाळीवेशीत दुकानदाराशी अर्धं कानडी, रिक्षावाल्याशी आपली ती सोलापुरी हिंदी. दख्खनची कला शिकायची म्हणजे काय लागतं माहितीये का? कल्याणीच्या चालुक्यांचे बहुतेक शिलालेख कानडीत आहेत. आपला सिद्धेश्वर, ज्याच्या गड्ड्याला आपण दर संक्रांतीला जातो, त्या सिद्धरामांची वचनं कानडीत आहेत. वरंगळच्या काकतीय राजांकडे गेलीस तर तेलुगू. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः दखनीत गाणी लिहायचा. आणि दिल्ली-मुंबईच्या मोठमोठ्या कॉलेजांत या विषयाला बसणारी पोरं, इंग्लिश फाडफाड बोलणारी, त्यांना यातली एकही भाषा येत नाही आणि ती अनुवादावर अवलंबून राहतात. इंग्लिश दोन वर्षांत येतं गं, सगळ्यांना येतं, वाचता येतंय तर बोलता येईलच. पण तेलुगू-कानडी कानात असणं हे नंतर पैसे देऊन मिळत नाही. मी तुझ्या जागी असते तर या सुट्टीत कानडी लिपी शिकून घेतली असती, तेलुगू लिपी घरात कोणाला येत असेल तर त्यांच्याकडून ती आधी, दोन्ही लिप्या एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की एक आली की दुसरी अर्धी आलीच समज. आणि जमेल तेव्हा मोडी, पुढे कागदपत्रं बघायची वेळ आली तर.

अजून एक. विणकामाचा इतिहास हा पण आर्ट हिस्ट्रीचाच भाग आहे, आणि तू त्या घरात राहतेस. आपल्या सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालाय, टॉवेलला पण, पण चादरीवरचा तो मोर कुठून आला, ती वेलबुट्टी आधी कोणत्या कापडावर होती, ग्राफ पेपरवर चौकट-चौकट भरून डिझाईन काढणारा माणूस कोणाकडून शिकला, मागाला लावायची कार्डं पंच करताना नक्षीत काय बदलायला लागतं, हे कोणी नीट लिहून ठेवलेलं मला तरी फारसं वाचायला मिळालेलं नाही. जेकार्ड हे फ्रान्समधून १८०४ च्या आसपास निघालेलं तंत्र, भोकं पाडलेल्या कार्डांनी धागे उचलायचं, ते आपल्या पूर्व भागात घरोघरी येऊन बसलं. पप्पा गप्प बसले म्हणालीस. त्यांना एवढंच विचार की कारखान्यात डिझाईन कोण काढतं आणि जुनी कार्डं बदलली की टाकून देतात का. मला वाटतं ते गप्प बसणार नाहीत, मागावर काम करणारा माणूस नक्षीबद्दल विचारलं की बोलतोच. हे मी त्यांना पटवायची ट्रिक म्हणून सांगत नाहीये बरं का, तुला पुढे खरंच प्रोजेक्टला विषय लागेल आणि त्या वेळी तुझ्यासारखी माहिती वर्गात कोणाकडे नसेल.

बरं, कॉलेजांचं. बडोद्याचं तुला सापडलंय ते बरोबर आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाईन आर्ट्सची फॅकल्टी १९५० ची, आणि तिथे कला-इतिहास आणि सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, बारावीनंतर चार वर्षांची डिग्री. चित्र काढणारे, मूर्ती करणारे आणि इतिहास शिकणारे एकाच आवारात असतात, हा तिथला सगळ्यात मोठा फायदा, चहाच्या टपरीवरच निम्मं शिक्षण होतं. शांतिनिकेतनला कलाभवनात पण डिग्रीला हा विषय आहे, बनारस हिंदू विद्यापीठात बीएला घेता येतो, ही दोन्ही केंद्रीय विद्यापीठं, फी बेताची, पण बनारसला सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. कॉमर्सची बारावी आहे म्हणून घाबरू नकोस, पण पात्रता आणि तारखा दर वर्षी बदलतात तर त्या-त्या विद्यापीठाच्या वेबसाईटवरचं या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः डाऊनलोड करून वाच, कोणा कन्सल्टंटला पैसे देऊ नकोस. जेजेला किंवा महाराष्ट्रातल्या इतर बीएफए कॉलेजांना जायचा विचार असेल तर तिथे सहसा आर्ट हिस्ट्री हा एक पेपर असतो, मेन विषय पेंटिंग वगैरे, आणि प्रवेशाला ड्रॉइंगची सीईटी. तुझ्यासाठी तो रस्ता नाही.

आणि सोलापुरात राहून? येतं ना करता. आणि हे मी दुय्यम पर्याय म्हणून नाही सांगत. भारतात या विषयाचे कितीतरी चांगले लोक आधी बीए हिस्ट्री नाहीतर इंग्लिश नाहीतर संस्कृत करून मग एमएला इकडे आलेत. इथल्या कॉलेजात बीएला इतिहास घे, सोबत इंग्लिश नाहीतर कानडी. पुढे आपल्याच अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, एमएला बडोदा आहे, दिल्लीला जेएनयूत आहे, नॅशनल म्युझियमची जी संस्था होती ती आता नोएडाला आहे तिथे आर्ट हिस्ट्रीत एमए होतं. इथे राहायचं ठरलं तर ती तीन वर्षं वाया नाहीत, उलट आजूबाजूचं सगळं बघून होईल. विजापूर तर झालंच, परत जा आणि इब्राहिम रोजा, म्हणजे त्या दुसऱ्या इब्राहिमचा मकबरा, बघ. नळदुर्गचा पाणीमहाल पावसाळ्यात बघ, १६१३ चं काम आहे, धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल. तेरला जा, लामतुरे म्युझियममध्ये तिथे सापडलेली हस्तिदंताची छोटी बाईची मूर्ती आहे, तशीच एक पार इटलीत पॉम्पेईला सापडलीय, आणि पॉम्पेई तर इसवी सन ७९ ला राखेखाली गेलं, मग आपल्या बाजूचं हस्तिदंत तिकडे कसं गेलं याचा विचार करत बस बसमध्ये. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातेसच, तिथला संस्थानचा शस्त्रसंग्रह बघून ये. साताऱ्याकडच्या औंधला जायला जमलं तर राजाने उभारलेलं म्युझियम आहे, रविवर्मांची मूळ चित्रं आहेत तिथे, आणि मग घरच्या देव्हाऱ्यातली छापील लक्ष्मी बघ जरा नीट, तिचा त्या चित्रांशी काय संबंध लागतो ते.

आता पोटाचं. मामा वाकड्यात बोलले तरी त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. सोलापुरात या विषयाची नोकरी जवळजवळ नाही, हे आत्ताच स्पष्ट ऐकून घे. कामं आहेत ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, थोडी पुणे-बडोदा. म्युझियममध्ये वस्तूंची नोंद ठेवणारे, प्रदर्शन लावणारे, लहान मुलांचे वर्ग घेणारे लागतात. मुंबईत गॅलऱ्या आहेत, लिलाव करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना चित्र खरं कोणाचं, आधी कोणाकडे होतं, हे शोधून कॅटलॉग लिहिणारी माणसं लागतात. संग्रह असलेल्या ट्रस्टना आणि कंपन्यांना अर्काईव्ह सांभाळायला लोक लागतात. शिकवायचं असेल तर एमए आणि नेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा, नेटमध्ये व्हिज्युअल आर्ट विषयाखाली कला-इतिहास घेता येतो. जुन्या चित्रांची दुरुस्ती करायचं काम फार सुंदर आहे पण त्याला केमिस्ट्री लागते, कॉमर्सवरून ते अवघड. सुरुवातीचे पगार कमी, कॉन्ट्रॅक्टवर, आणि फक्त बीएवर फारसं काही नाही, एमए धरूनच चालायचं, म्हणजे पाच-सहा वर्षं. घरून इतकी वर्षं थांबता येणार आहे का, धाकटं भावंड कोणी शिकतंय का, आईच्या विड्यांवर आणि पप्पांच्या पगारावर काय निघतं, हे मला माहीत नाही, तुला माहिती आहे, आणि हे प्रश्न कलेइतकेच खरे आहेत. कोणी ‘पॅशन फॉलो कर’ म्हणून स्टेटस टाकत असेल तर त्याच्या घरात भाडं कोण भरतं ते बघ आधी.

म्हणून पप्पांशी बोलताना स्वप्न वगैरे शब्द नको. एक कागद घे. फी किती, होस्टेल मिळतं का आणि किती, मेस किती, वर्षातून दोनदा घरी यायचं भाडं किती. महाडीबीटीवर तुझ्या प्रवर्गाला कुठल्या शिष्यवृत्त्या आहेत आणि राज्याबाहेरच्या कॉलेजला त्यातली कुठली लागू होते, हे फॉर्म भरायच्या आधी विचारून लिही, नंतर नाही, कारण याच एका गोष्टीवर बडोदा की सोलापूर हे ठरू शकतं. शेजारच्या कॉलममध्ये बीकॉमचा खर्च लिही, प्रामाणिकपणे, क्लासच्या फीसकट. खाली लिही की एमएनंतर काय-काय होता येतं. यूपीएससीच्या मेन्सला जीएसच्या पहिल्या पेपरात भारतीय कला आणि वास्तुकला आहे हे खरं आहे, लिहायचं तर लिही, पण त्यावर जोर देऊ नकोस, नाहीतर चार वर्षांनी घरचे विचारतील कलेक्टर कधी होणार आणि मग तू अडकशील. मुलीला इतक्या लांब पाठवायचं हा पण एक धागा असणार पप्पांच्या गप्प बसण्यात, त्यावर रागावू नकोस, होस्टेलचं नाव-पत्ता-फोन कागदावर असू दे, शक्य झालं तर प्रवेशाच्या वेळी त्यांनाच सोबत ने.

मामांचं टॅली मात्र करून टाक. खरंच. सुट्टीत दोन-तीन महिन्यांत होतं, मामा खूष, आणि बाहेरगावी शिकताना संध्याकाळी कोणाचे तरी हिशोब लिहून जेवणाचे पैसे निघतात. गॅलऱ्यांना पण जीएसटी भरावाच लागतो गं.

इंग्लिश वाचायची सवय म्हणून एक सांगते. हेन्री कझिन्स म्हणून पुरातत्त्व खात्यातला साहेब होता, त्याने विजापूरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ काढला १९१६ ला, मोजमापं, नकाशे, छेद, सगळं आहे, इंटरनेट अर्काईव्हवर फुकट मिळतो. भाषा जुनी आहे, थोडं साहेबी थाटात लिहिलंय, काही मतं तर आज वाचून राग येईल, पण गोल घुमटाच्या कमानींचे नकाशे बघ त्यात, मी वर जे सांगितलं ते रेघांमध्ये दिसेल. रोज एक पान, वहीत अवघड शब्द. मराठीत विश्वकोश ऑनलाईन आहेच, मूर्ती, मंदिर, चित्रकला यावरच्या नोंदी चांगल्या आहेत, एखादी संज्ञा अडली की तिकडे.

आणि लॅपटॉप, पहिल्या वर्षी नको. फोनवर पीडीएफ वाचता येतं, टाईप करायला कॉलेजची लायब्ररी नाहीतर कॉम्प्युटर लॅब असते, हाताने लिहिलेली वही तर या विषयात सगळेच ठेवतात. तेवढे पैसे साठले तर ते प्रवासाला ठेव. पुढे एमएला प्रबंध लिहायची वेळ आली की सेकंडहँड बघू, तेव्हा विचार मला.